फ्लेक्सचं छत

१४ मे २०२५, बुधवार, संध्याकाळी ५.४०. चाकण रोडलगतचा मोकळा प्लॉट. टेपने जमीन मोजत होतो.
अनधिकृत म्हणून आमची चाळ पाडली. पाच कुटुंबं उघड्यावर. माझीही खोली गेली, पण माझं वेगळं. माझ्या आर्किटेक्चर डिप्लोमाच्या दोन सेमिस्टर झाल्यात. मी इथे साइटवर मुक्कामी आहे. ठरलं : पावसाआधी सगळ्यांना निवारा. पहिला कस्तुराला. तिचं बाळ वीस दिवसांचं.

१५ मे. भंगारवाल्याकडून कंपन्यांची, माल ठेवायच्या फळ्यांची लाकडी पॅलेट उधार आणली. भिंती तयार. कस्तुराची सासू कौशल्याबाई विचारत होत्या, बाबा, चूल कुठं मांडू? प्लॅनमध्ये चूल नाही. तसं स्पष्ट सांगितलं.

१७ मे. छतासाठी कुणा नेत्याच्या वाढदिवसाचं उतरवलेलं होर्डिंग मिळालं. फ्लेक्सवर जागोजागी अर्धगोल चिरा. किती निष्काळजी काम! पंक्चरच्या सोल्युशनने एकूण एक चीर चिकटवली. कस्तुराचा नवरा ज्योतीराम म्हणाला, राव, वारा जायला मुद्दाम पाडतात त्या. मी म्हणालो, ते होर्डिंगला. हे घर आहे.

१९ मे. नारळ फोडून गृहप्रवेश. बाळाच्या झोळीच्या बरोबर वर नेत्याचा हसरा चेहरा. ज्योतीराम म्हणे, भावा, पोराला आत्तापासूनच कार्यकर्ता केलास का? दुर्लक्ष केलं.

२० मे, दुपार. आभाळ काळं. छत पोट फुगवतं, पुन्हा खाली बसतं. व्हेंटिलेशन उत्तम. कस्तुरा वर एकटक बघत बसते. बहुधा कौतुक.

संध्याकाळी ६.१०. कस्तुरा मला न विचारता बाळाला घेऊन गेली. कुठे, तर रस्त्याकडेला आणून ठेवलेल्या ड्रेनेजच्या सिमेंट पाइपात. सासू, नवराही मागोमाग. पाइपात डिझाइन नसतं, हे ओरडून सांगितलं. कुणी वळून पाहिलं नाही.

२१ मे. छत विजेच्या तारांवर अडकलंय. झोळी होती तिथे पॅलेट पडलंय, खिळे वर. डिझाइनमध्ये दोष नाही. वारा मर्यादेबाहेरचा होता. कस्तुरा येऊन खिळे बघून गेली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२२ मे. दिवसभर पाऊस. कौशल्याबाईंनी हाक मारली, ये रे लेकरा आत, पाय आखडून बसलास तर मावशील. मावलो. ज्योतीराम सांगत होता, सोमवारी ठेकेदार पाइप पुरायला घेणार. बाळ झोपलंय. सगळे हळू बोलतात.
खर्च : सोल्युशन, दोरी, खिळे, नारळ मिळून ८६० रुपये.
देणं : भंगारवाल्याचे ४०० रुपये. कौशल्याबाईंची एका माणसाची जागा, सोमवारपर्यंत.