अर्धा इंच, कशापासून?

बाबा, आधी घटनाक्रम, मत नंतर. हा नियम तुमचाच आहे. एक: मी नववीत होते, तुम्ही बेज्जूरच्या महसूल कार्यालयात कारकून होता, आणि आपल्या जिल्ह्याचे तुकडे तेव्हा झाले नव्हते. दोन: कार्यालयाच्या जीपच्या तुटलेल्या कमानपाट्यापासून ड्रायव्हरकाकांनी एक आडवे धनुष्य तयार केले होते; सागवानी दस्ता, क्लचच्या तारा पिळून केलेली दोरी आणि बंदुकीला असतो तसा घोडा. तीन: उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी सकाळी तुम्ही, ते आणि मी प्राणहितेकडच्या रानात गेलो. चार: नाल्यावर चितळाची एक मादी पाणी पिण्यास आली, आणि चाळीस पावलांवरून मी बाण सोडला. पाच: ती उधळली, मला मोहाच्या झाडाखाली बसवून तुम्ही दोघे तिच्या मागे गेलात. सहा: पाऊण तासाने परत येऊन तुम्ही म्हणालात, "चुकला. अर्धा इंच वरून गेला." सात: ते खोटे होते.

सातवी बाब मला गेल्या महिन्यात कळली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षे झाली आहेत, म्हणजे खुलासा मागण्याची मुदत केव्हाच टळली. तरी मी तो मागते आहे, कारण आपल्या घरात मुदत टळल्याची सबब कधीच चालली नाही. इतर घरांत मुले मार खात. आम्ही कैफियत लिहीत असू. निजामाच्या काळापासून दफ्तरात रुळलेला तो शब्द तुम्ही स्वयंपाकघरापर्यंत आणला होता. दूध उतू गेले, कैफियत. शाळेतून उशिरा आले, कैफियत. अर्धा ताव, डावीकडे दोन बोटे समास, वर 'काय घडले', खाली 'का घडले', शेवटी सही. बोलताना तुम्ही आमच्यासारखेच बोलत होता, पण कागदावर मी एकदा 'काऊन घडले' असे लिहिले, तेव्हा लाल शाईने तो शब्द खोडून म्हणालात, "घरी बोल तसं, बाई. पन कागद आपला नसते, सरकारचा असते. आपल्या आज्याले अंगठा लावा लागे, म्हून तू सही नीट कर." आणि खाली 'पाहिले' असे लिहून तुमची ती तिरपी, एका दमात ओढलेली सही. माझे आजचे मराठी, ज्याबद्दल लोक कौतुकाने आणि थोड्या धास्तीने बोलतात, ते कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नाही. ते त्या अर्ध्या तावांनी दिले.

त्या सकाळी रानात काय बोलणे झाले, ते तुमच्या लक्षात असेल असे मी गृहीत धरते. शिकार हा गुन्हा आहे हे तुम्हाला ठाऊक होते; रोज सकाळी म्हणतो त्या पंचशीलातले पहिले शील प्राणिहत्या न करण्याचे, हे तर मलाही ठाऊक होते. आईला तुम्ही मोहफुले आणायला चाललो असे सांगितले होते. मी वाटेत विचारले, "बाबा, आपण काऊन मारून राह्यलो?" तुम्ही वाटेतली एक काटेरी फांदी बाजूला केलीत. मग म्हणालात, "तुह्या आज्यानं जैनथकडं मालकाच्या शिकारीत जनमभर हाका घातला. डबडे वाजवत काट्यातून पळा लागे. जनावर उठवनारे आपन, नेम धरनारे ते. अन् शेवटी आपल्या वाट्याले खुरं. तुह्या आज्यानं सारं रान पाह्यलं, पन नेम कसा दिसते हे नाई पाह्यलं. तू पाह्य. एकडाव." ड्रायव्हरकाका हसून म्हणाले, "सायेब, पोट्टीच्यानं दोरीच नाई चढाची, नेम त दूरच." मी धनुष्याच्या कडीत पाय अडकवला, दोन्ही हातांनी ती तारांची दोरी मागे ओढली, बोटे सोलून निघाली, पण ती खटका बसेपर्यंत ओढली. तुम्ही माझी बोटे पाहिलीत, आणि तुमचा रुमाल दिलात. तुमच्याकडून मिळालेल्या वस्तूंपैकी तो रुमाल मी सर्वांत वरचा मानत आले.

ती येते. मला आजही ती वर्तमानकाळातच दिसते. आधी कान, मग पुढचा एक पाय, जणू जमीन तपासून पाहते आहे. पाण्याशी मान खाली जाते. तुम्ही माझ्या कानाशी म्हणता, "खांद्याच्या मागं. श्वास सोड, अन् मंग घोडा." मी श्वास सोडते. घोडा ओढते. धनुष्य छातीवर लाथ बसावी तसे मागे येते. हरणी उडी मारते आणि झुडपांत नाहीशी होते. पाण्यावरची वर्तुळे मात्र काठापर्यंत येत राहतात.

परतताना तुमच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "पानी प्यालो," म्हणालात. बाण कुठे आहे, असे मी विचारले. "सागाच्या बुंध्यात घुसला. निंगून नाई राह्यला." मी तो बुंधा पाहण्याचा हट्ट धरला. तुम्ही, ज्यांनी मला प्रत्येक विधानाचा पुरावा मागायला शिकवले त्या तुम्ही, मनगटावरचे घड्याळ पाहून म्हणालात, "चाल, उशीर झाला." रविवार होता, बाबा.

आणि घरी आल्यावर तुम्ही मला कैफियत लिहायला लावलीत. 'काय घडले: माझा नेम अर्धा इंच चुकला. का घडले: घोडा ओढताना मनगट स्थिर राहिले नाही.' ही वाक्ये तुम्ही सांगितली नव्हती. मी रचली, कारण कारण असल्याशिवाय कागद पूर्ण होत नसे. चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या मनगटावर खोटा आरोप ठेवला आणि सुवाच्य अक्षरात खाली सही केली. तुम्ही समोर बसून ते होऊ दिले. मला रानात नेले, याचा राग मी कधीच विझवला असता. दफ्तरात खोटा कागद शिरू देणाऱ्या माणसाला तुम्ही चोराहून खालचा मानत होता, आणि आपल्या घरातला पहिला खोटा कागद तुम्ही माझ्या हातून लिहवून घेतलात. त्याला विश्वासघात म्हणतात. सौम्य शब्द मी शोधला, मिळाला नाही.

त्या कागदाने मला घडवले, असे मी आजवर मानत होते. मी हैदराबादेत अभियांत्रिकीच्या मुलांना भूमापन शिकवते. माझा हात थरथरत नाही. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला 'अर्धा इंच मॅडम' म्हणतात. त्यांना वाटते मला कळत नाही. कुठून दुरून आलेली नव्हे, आपल्या गुडीहत्नूरकडचीच एक मुलगी होती, फार हुशार. तिच्या नकाशात एक हद्दरेषा केसभर सरकली होती. मी तो साऱ्या वर्गासमोर परत केला आणि म्हणाले, "केसभर चूक ही चूकच असते, मला एका चुकीने माणूस केले, तुम्हालाही करील." तिने पुढच्या सत्रात विषय सोडला. तिला मी जे ऐकवले त्याचा आधार काय होता, हे आता सांगा. माझी ती चूक अस्तित्वातच नव्हती.

गेल्या महिन्यात मी त्याच गुडीहत्नूरला महामार्गावर गाडीचे चाक बदलून घ्यायला थांबले. टायरच्या दुकानात बाजेवर बसलेले म्हातारे माझ्याकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, "तुमी बेज्जूरच्या बाबूसायबाची पोरगी ना? नाक तेच हाये. रागही तोच असन." ते ड्रायव्हरकाका होते. दुकान त्यांच्या मुलाचे. चहा झाला, आणि त्यांनी सुनेला माळ्यावरून काहीतरी काढायला सांगितले. ते धनुष्य होते, बाबा. तारा गंजल्या होत्या, दस्ता तसाच.

"ठेवलं मी," ते म्हणाले. "सायेब म्हनत, जाळून टाक. मी म्हनलं, असं कसं जाळू? पोट्टीनं पयल्याच बाणात पाडली. मायासारख्याच्यानं झालं नसतं."

मी म्हणाले, "काका, माझा बाण चुकला होता."

ते हसले, त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. मग माझा चेहरा पाहून हसणे थांबले. "म्हंजे सायबानं तुमाले शेवटलोक सांगतलंच नाई?" त्यांनी सुनेकडे पाहिले, मग रस्त्याकडे. "मरो, आता मायाच तोंडातून निंगालं त आयका. दोनशे पावलांवर पडली होती. खांद्याच्या मागं, बरोब्बर. तिच्या थानाले दूध होतं, ताई. पाडस बाजूलेच उभं. हाकललं तरी जाये ना. सायेब खाली बसले. मी म्हनलं, सायेब, मटन कायले वाया घालवता? त अशे पाह्यले मायाकडं का मी फावडं आनाले जीपकडं पळालो. नाल्याकाठी गाडली आमी. मले म्हने, पोरीले सांगू नको. पोरगी लय काटेकोर हाये. जनमभर सोताले माफ नाई करन. मंग पुढचे तीन रविवार मलेच घेऊन जात पाडस पाहाले. नाई दिसलं."

मी चाकाचे पैसे दिले आणि निघाले. काकांचा निरोप नीट घेतला की नाही, आठवत नाही; हे माझ्याबाबतीत सहसा घडत नाही.

आता माझे मत. तुम्ही मला नेम दिलात आणि त्याच सकाळी तो काढून घेतलात. हाका घालणाऱ्यांच्या घरातला पहिला बाण लागला होता. तो अभिमान आणि ती हरणी, दोन्हींचे ओझे माझे होते. दोन्ही मी उचलले असते. एक माफ करण्याजोगे नाही म्हणून दुसरेही तुम्ही मातीत घातले. 'माफ नाई करन' हा निकाल तुम्ही मला न विचारता दिलात. कोणत्याही कार्यालयात संबंधिताचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देत नाहीत.

इथवर लिहून मी तो कागद काढला. तुमच्या सगळ्या फायली माझ्याकडे आहेत, क्रमवार. दूध, उशीर, हरवलेली छत्री. प्रत्येकावर 'पाहिले' आणि ती तिरपी सही. या एकाच कागदावर काही नाही. लहानपणी मला वाटले होते, तुम्ही इतके नाराज होता की सहीसुद्धा केली नाहीत. काल मी तो खिडकीच्या उजेडात धरला. सहीच्या जागी पेन टेकवून उचलल्याचा एक ठिपका आहे.

भूमापनाच्या पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, कोणतेही अंतर कशापासून मोजले ते लिहिले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. चाळीस पावलांवर, उधळलेल्या जनावराच्या वरून, अर्धा इंच. कशापासून, बाबा? हा प्रश्न नापास होणाऱ्या विद्यार्थ्यालाही सुचला असता. मला इतकी वर्षे सुचला नाही. हेही माझ्याबाबतीत सहसा घडत नाही.

म्हणून, नियमाप्रमाणे, माझी दुरुस्त कैफियत. त्या कागदावर 'काय घडले' याखाली आणखी एक वाक्य आहे, जे वर उतरवताना मी गाळले: 'बाण लाकडात घुसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.' तेही तुम्ही सांगितले नव्हते. तसा आवाज आला नव्हता. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आला होता, आणि मी तो ऐकला होता. मोहाखालच्या त्या पाऊण तासात मी एकच इच्छा करीत बसले होते, की तुम्ही परत यावे आणि चुकला म्हणावे. तुम्ही आलात, माझ्याकडे पाहिलेत, आणि म्हणालात.

हे पत्र कुठे टाकायचे नाही. त्याच फायलीत, त्याच कागदाखाली लावते आहे. एकच मुद्दा उरतो. लाकडाचे ते वाक्य तुम्ही वाचलेत, कारण न वाचता तुम्ही कधी पेन उचलले नाही. ते वाचूनच सही थांबली का? बाण लागल्याचे मला ठाऊक आहे, हे तुम्हाला त्याच दिवशी कळले होते का? उत्तर लेखी द्यावे. समास सोडून, खाली सही करून. तोंडी खुलासा स्वीकारला जाणार नाही.