टोळाने केलेला घड्याळजी

ता. ४ जून

चि. ठकीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं मायलेक ठणठणीत. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते असं तूच म्हणतेस, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस, चार यत्तांत याहून सरळ शिकवत नव्हते.

आधी कान धरते. तुझा तो लाडका नट, ज्याला मी टोळ म्हणायचे, त्याला बोललेलं सगळं मागे घेतलं. तीस वर्षं नुसता टणाटण उड्या मारत आला, येईल त्याच्या हातची थोबाडीत खातो, पँट सुटते, लोक हसतात. तो दिसला की मी टीव्ही बंद करून भांडी घासायला जायचे. पण शेजारच्या मास्तरीणबाईंची बहीण आयत्या वेळी आली नाही, तिकीट वाया जाऊ नये म्हणून बाईंनी मला नेलं. पडद्यावर टोळ दिसला तशी मी म्हटलं, झालं, गेली आपली दुपार. बाईंनी चिमटाच काढला.

अगं, तो त्यात घड्याळजी झालाय. डोळे जात चाललेत आणि घरात कुणाला कळू देत नाही. एक उडी नाही की काही नाही. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवतो, भरल्याचं बोटाला कळावं म्हणून. जिना उतरताना ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजतो. कुणी हाक मारली की आधी हसतो आणि मग तोंड वळवतो. मी बाईंना म्हटलं, हुबेहूब आमचा शिंपी लेक बघा, तोही अस्साच ओततो, अस्साच हसतो. मागच्यांनी शुक् केलं. एवढं आपल्या घरातलं पडद्यावर आणायचं म्हणजे अंगात कला पाहिजे हो. मी दोन रुमाल भिजवून आले.

तुझा बाप बरा आहे. दुकानात काम भरपूर. हल्ली रोज सकाळी मी त्याला वीस सुया ओवून देते, काळ्या दोऱ्याच्या डावीकडे, पांढऱ्याच्या उजवीकडे. म्हणतो, आई, तुझ्यासारखी नजर कुणाची नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नोकरी लागली मला, ऐटीत असते. काल मात्र त्याने काळ्या कोटाची काजं निळ्या दोऱ्याने केली, गिऱ्हाईक तावातावाने आलं. मीच त्याला ऐकवलं, दिवे मिणमिणते, माणूस काय करणार.

तू पाठवलेला चष्मा बापाला आवडला, पण काच आणखी जाड हवी म्हणतो. नंबर एक वाढवून पाठव. माया आहे तशीच राहू दे, पातळ करू नकोस.

तुझी आजी

ता. ११ जून

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे कामावर उभ्याउभ्याच वाचलं. आजी, सिनेमातला माणूस आंधळा होत होता. बाबा तसेच ओततात, तसेच हसतात, हे तू कौतुकाने लिहिलंस. त्या नटाने आपल्या बाबांना बघितलेलं नाही गं. आंधळं होणारी माणसं कशी वागतात ते त्याने बघितलं असेल.

तुला काय बोलू, चूक माझी. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. रोज पन्नास जणांना यंत्रासमोर बसवून हनुवटी टेका म्हणते. आणि सख्ख्या बापाला दोन वर्षांत तीन चष्मे टपालाने पाठवले, ते सांगतील त्या नंबरचे. तपासून घ्या म्हटलं की म्हणायचे, हातातलं काम संपू दे. मी लाडात येऊन हो म्हणायचे.

चौथा पाठवत नाही. पत्र मिळताच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. ऐकले नाहीत तर तुझेच डोळे दाखवायचेत म्हणून ने. मी रजा मागितली आहे, मालक महिनाअखेर म्हणतोय.

लोभ आहे म्हणूनच इतकं टोचून लिहिलं.

तुझी ठकी

ता. २३ जून

चि. ठकीस आजीचे आशीर्वाद.

उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. मला सुचत नाही म्हणजे काय ते तुला ठाऊक.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढून टाका. म्हणाली, काचबिंदू आहे आजी, गेलेलं परत येत नाही. एक डोळा विझलाच. दुसऱ्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. थेंब दिलेत, पण तेही फार दिवस धरतील असं तिला वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असता तर, एवढं बोलून ती कागद चाळत बसली. हे रक्तातून येतं म्हणे, तेव्हा तूही तपासून घे. हयगय नको.

बाहेर बाकावर मी त्याला विचारलं, मेल्या, आईपासून लपवलंस? म्हणाला, तुला कळलं की ठकीला कळणार, मग ती नोकरी सोडून माझी काजं करत बसणार. तिची आई गेल्यावर एवढं एकच काम मी नीट केलं, तिला इथून घालवलं. मी रोज त्याचं आंधळेपण ओवून देत होते आणि वर मिरवत होते.

मग त्याने टोळाचा सिनेमा बघायचा हट्ट धरला. गेलो. टोळ मधोमध असला की त्याला दिसायचा, सरकला की विचारायचा, कुठे गेला. मी कानात सगळं सांगत होते. कपाचं आलं तेव्हा हसला. म्हणाला, काठावर बोट ठेवून भागत नाही, आत घालावं लागतं, पोळलं की कळतं.

शेवटी त्या घड्याळजीला दिसायला लागतं. बोलत काही नाही, नुसता हातातल्या घड्याळाचे काटे बघतो. पहिल्या वेळी मी जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी तुझ्या बापाने विचारलं, सगळे टाळ्या का वाजवतायत. मी म्हटलं, सिनेमा संपला म्हणून.

टोळावर माझा राग नाही. त्याने त्याचं काम चोख केलं.

तू मालकाच्या महिनाअखेरीची वाट बघू नकोस, निघ. आणि दुकानात शिरशील तेव्हा बाजूने येऊन त्याच्या गळ्यात पडू नकोस, दचकतो. समोरून ये, अगदी जवळ, आणि थोडा वेळ हलू नकोस. तुझा चेहरा त्याला एका वेळी थोडा थोडा बघावा लागेल.

मायेचं काय, ती आहेच. पाऊल उचल.

तुझी आजी