कमलच्या दारची भिंत

३ मार्च १९५७, जळगाव
आज एकविसावं संपलं. वाढदिवस कुणाला माहीत नाही, बरंच आहे. दिवसभर धुळ्याच्या मोटारीची पाटी रंगवली. पिवळ्यावर काळं. आमचे उस्ताद नाना पेंटर, दुकान स्टँडसमोरच. म्हणाले, "काय रे कॉलेज, तोंड पाडी काब्र बठना?" तोंड पाडून का बसलो, ते त्यांना काय सांगणार. मला ते कॉलेजच म्हणतात. वर्ष झालं सोडून, तरी.
बरोबरचे जूनमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला जातील. मी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुतो.

७ मार्च
आबांचं कार्ड, जामनेरहून. "गावात तू बी.ए.ला आहेस असेच सांगितले आहे. सुट्टीत येण्याचे कारण नाही. अंगाकपड्यास रंग असल्यास मुळीच येऊ नये."
आहे रंग. कोपरापर्यंत आहे. वडील आहेत म्हणून, नाहीतर...
उत्तर चार वेळा लिहिलं. चारी फाडली.

१५ मार्च
माझी पाटी रोज दोनदा क.च्या दारावरून जाते. (कमल. इथं तरी पूर्ण लिहावं.) कॉलेजात पुढच्या बाकावर बसायची. घर धुळ्यात, स्टँडच्या रस्त्यालाच. मागच्या फाल्गुनात तिथं गेलो होतो, एकटा, कुणा वडीलधाऱ्याला न घेता, मागणी घालायला. तिचे वडील, त्यांना भाऊ म्हणतात, हसले. "आधी पदवी घे, मग बोल." एवढंच म्हणाले. मी काय केलं, तर वसतिगृहावर येऊन पेटी भरली आणि पहिल्या मोटारीनं जळगाव गाठलं. पदवी मागतात काय, ही घ्या टाकून दिली. सूड उगवला म्हणे. कुणावर, ते अजून कळलेलं नाही.

२ एप्रिल
करीमभाई धुळ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर आहे. निरोप घेऊन आला. तिथल्या एका गृहस्थांना पाटीवरची अक्षरं फार आवडली. मुलीचं लग्न अठ्ठावीसला, दाराची भिंत रंगवून हवी. हत्ती, पोपट, नवरानवरीची नावं. घर कुठलं, विचारलं.
तेच.
नाना सगळं जाणून आहेत. हळूच म्हणाले, "तुनं मन नई व्हई ते मी जास." म्हटलं, अक्षर माझं आवडलंय ना, मग मीच जाणार. पिंप्राळ्याच्या खोलीवर आल्या आल्या हत्तीचं चित्र काढून बघितलं.

११ एप्रिल, धुळे
भाऊंनी दारात पाहिलं. "तू?" मग बराच वेळ चष्मा पुसला. मी म्हटलं, हत्ती किती उंच हवेत? हाकललं नाही, हे खरं. फक्त आत जाताना, "खाली तुझं नाव घालू नकोस. तुझ्या आबांशी आमचा जुना घरोबा, तेही लग्नाला येणार आहेत. त्यांची शोभा कशाला."
म्हणजे माझं नाव ही शोभा झाली.
ऊन असं की ब्रशवरच रंग वाळतो. सकाळी सहा ते दहा काम, मग ओसरीत पडून राहायचं.

१२ एप्रिल
क. पाणी घेऊन आली. मागं आत्या पहाऱ्याला. वर्षभर मनात घोकलेलं एकही वाक्य आठवेना. एवढंच म्हणालो, "तुझ्यापायी कॉलेज सोडलं, ठाऊक आहे ना?"
"माझ्यापायी नाही, रागापायी. उगाच माझ्या नावावर नको टाकूस." मग भिंतीकडे बघत, "पोपट छान झालेत. चोच तेवढी लांब. तुझ्यावर गेलेत."
आत्या हसली. मी नाही.
दिवसभर धुमसत होतो. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

१३ एप्रिल
नावं घातली. आधी तिचं. तीनदा पुसलं, चौथ्यांदा बसलं. मग त्याचं. इंजिनिअर आहे. त्याचं नाव बिघडवायचं मनात होतं, लपवत नाही. हातानं ऐकलं नाही. त्याला वाईट अक्षर काढताच येत नाही.
ब्रश खाली ठेवून लांब जाऊन पाहिलं. वाया गेलो म्हणतात. कुठं गेलं वाया? अशी भिंत एका तरी बी.ए.वाल्यानं काढून दाखवावी. कॉलेज रागानं सोडलं, कबूल. हे रागानं आलेलं नाही.
मग उजव्या हत्तीच्या पायाशी, जिथं पाहुणे जोडे काढतात तिथं, लाल रंगात, बोटभर उंच: दामोदर आत्माराम, पेंटर, जळगाव. आत्माराम म्हणजे आबा. आपलं नाव पुरतं लिहायचं तर त्यांना कसं गाळणार.
भाऊ आले, वाचलं. वाटलं, आता चुना मागवतात. पण तसेच आत गेले. माझ्यामागं पुसलं असेल तर माहीत नाही.

२८ एप्रिल, जळगाव
लग्न दुपारचं होतं. त्या वेळी मी काय करत होतो ते लिहीत नाही.
सहाच्या मोटारीनं करीमभाई आला. "तुझ्या भिंतीपुढं ही गर्दी. एक पागोटेवाला म्हातारा तर हत्तीच्या पायाशी वाकून वाचत होता. बराच वेळ."
म्हणजे पुसलं नाही.
"मग?"
"मग काय, माझी सुटायची वेळ झाली."
आबाही पागोटंच बांधतात, म्हणून रंग विचारला. त्यानं पाहिला नव्हता.
आबा उद्या परततील. जामनेरची मोटार इथंच बदलावी लागते, दुकानासमोर. तासभर थांबावं लागतं. नाना म्हणाले, "सकाय खोलीवरच ऱ्हाय." नाही. उद्या दुकानाच्या दारातच बसणार आहे, यावलची पाटी मांडीवर घेऊन, हाच रंगाचा सदरा घालून. बाकावर दुसऱ्या माणसाला जागा होईल एवढे डबे आताच आत नेऊन ठेवले.