भाद्रपद वद्य दशमी

१ ऑगस्ट २०००
मिळाली एकदाची नोकरी! नोएडात, काचेच्या इमारतीत, फुकट कॉफीसकट. आमची वेबसाइट लोकांना आठवणी करून देते: गॅस संपत आला, विमा भरा, मेव्हणीचा वाढदिवस. मराठी गिऱ्हाइकं माझ्याकडे. बाबांनी कॅन्टोन्मेंटमध्ये यच्चयावत सुभेदारांना पेढे वाटले. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

४ ऑगस्ट
श्राद्धाच्या आठवणीचं पान तपासायला एखादं नाव हवं होतं. शेजारची सोनम म्हणाली, कुछ भी डाल दे यार. सुचलं ते टाकलं: संपतराव, नातं वडील, भाद्रपद वद्य दशमी. बाबांना कळलं तर पोट धरून हसतील.

९ ऑगस्ट
बाबांचं नाव पुसलं. दुपारी पुन्हा हजर. परत पुसलं, परत हजर! सोनम म्हणाली, इथे येणारा प्रत्येकजण ही चूक करतोच. तिने मामाचं नाव टाकलं होतं. मामा कसे आहेत, विचारलं. थे, म्हणाली आणि डबा घेऊन जेवायला गेली.

११ ऑगस्ट
उदयसिंह साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ते गोड हसून म्हणाले, आपला एकही रिमाइंडर आजवर खोटा ठरलेला नाही. एका नावासाठी साइटची बदनामी होऊ देणार नाही. बाहेर सगळे टक लावून बघत होते. मेले एकजात! कुणाला काही वाटत नाही. मला भीती वाटते.

१४ ऑगस्ट
भाद्रपद वद्य म्हणजे पितृपंधरवडा, सप्टेंबरात. तोवर बाबांना गावी नेते. त्यांना सगळं सांगितलं. वेडी कुठली, म्हणाले, पण रजेचा अर्ज केला.

२५ ऑगस्ट
सोनम सहज म्हणाली, भादों लग गया. म्हटलं, छे, अजून श्रावणच आहे. ती म्हणाली, हमारे यहाँ महिना पौर्णिमेला बदलतो. म्हणजे आपला श्रावण वद्य तो यांचा भाद्रपद वद्य. आणि साइट यांची. दशमी —

आज.

फोन लागत नाही — सगळे काम सोडून उभे —

लागला! बाबाच. ठणठणीत. दारात कुणी आलंय म्हणे. उघडू नका, मी ओरडले — ते रिसीव्हर तसाच ठेवून गेले —

चपला — कडी — बाबा कुणालातरी समजावतायत, नहीं भाई, गलत दिन आए हो, हमारा तो अगले मही