बाळंतीण नसलेलीची न्हाणी

बा, मी न्हाणी बांधली. एवढंच लिहून थांबणार होते, कारण तू असतास तर पुढचं ऐकायला थांबला नसतास. मोटेवर बैल उभे आहेत म्हणून उठून गेला असतास. पण तुला जाऊन आता वीस वर्षं झाली, आता तुला कुठली घाई? तेव्हा बस आणि सगळं ऐक. मधे बोलायचं नाही, ते तू हयातीत पुष्कळ केलंस.

न्हाणी लांबीला आठ हात आणि रुंदीला सहा हात आहे. खाली काळ्या दगडाची फरशी, तिला कोपऱ्याकडे असा उतार दिला आहे की सांडलेलं पाणी क्षणभर थबकत नाही, थेट केळीच्या बुडाशी जातं. भिंतीला लागून पाठ टेकता येईल असा ओटा आहे. खिडकी डोक्याच्या वर, म्हणजे मला कडुनिंब दिसतो आणि निंबाखालून जाणाऱ्याला मी दिसत नाही. तीन कोनाडे, एकात शिकेकाई, एकात खोबरेल, एकात उटणं. होय, उटणं. नवऱ्यामागं सहा वर्षं मळा मी एकटी ओढते आहे, मला मूल नाही आणि दीरही नाही, तेव्हा माझ्या अंगाला काय लावायचं ते विचारणारं घरात कोणी उरलेलं नाही. जगभर चाललेल्या लढाईमुळे सिमेंटचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून चुना मळायची घाणी फिरवली आणि भिंती घोटून घोटून तुळतुळीत करून घेतल्या. गवंडी हसायला लागला. म्हणाला, "बाई, एवढ्या जागेत तं दोन म्हशी बांधता येतीन." मी म्हटलं, "म्हशी भाईरच बऱ्या हायेत. तू भिंत उचल." दाराला सागवानी फळ्या आणि आतून कडी. बा, त्या कडीसाठी मी सगळं केलं असं म्हटलंस तरी चालेल. ती लावली की मला कोणी हाक मारत नाही. अर्धा प्रहर मी कोणाची कोणी नसते, आणि गुडघ्यांतला वात ऊन पाण्याने उतरतो तसं डोक्यातलंही बरंच काही उतरतं.

आपल्या घरी आम्ही बायका कशा न्हायचो ते तुला ठाऊक नसणार, कारण तू उठायच्या आत आमचं उरकलेलं असायचं. परसात खाट उभी करायची, तिच्यावर जुनं लुगडं टाकायचं, चिखलात एका दगडावर उकिडवं बसायचं आणि दोन तांबे गार पाणी अंगावर ओतून ओल्या अंगानेच पातळ गुंडाळायचं. मोटेचं पाणी मळ्याचं होतं. मेथीचा वाफा कोरडा दिसला तर तुझा जीव खालीवर व्हायचा, आणि मायचे केस महिना महिना शिकेकाईला पारखे राहायचे ते तुला कधी दिसले नाहीत. ऊन पाणी आपल्या घरात फक्त बाळंतिणीला मिळे. सव्वा महिना रोज हंडाभर, निंबाचा आणि निरगुडीचा पाला घालून, आणि तेल लावायला कोणीतरी मागे बसलेलं. माय एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली होती, "माह्या जल्मात मी निवांत सातदाच न्हाली, माय. सात लेकरं झाली म्हनून." हसत म्हणाली होती. तिच्या सातातली आम्ही तिघंच जगलो, तरीही हसत म्हणाली होती.

आता तो दिवस. माघातली थंडी आहे, थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला आली आहे. माझ्या लग्नाला आठ वर्षं झालीत आणि मी तिची उठबस करायला म्हणून सासरहून आले आहे. परसात तुराट्यांचा आडोसा बांधला आहे. पाणी मी शेंदते, चूल मी फुंकते, पाला मी आणते. त्या दिवशी बहिणीचं न्हाणं झालं, ती आत जाऊन निजली, आणि हंड्यात निम्मं ऊन पाणी उरलं. माय हळूच म्हणाली, "जाय, तूबी घे अंगावर. पाठ धरली हाय ना तुही." मी आडोशामागे बसले, केसांना शिकेकाई लावली. तेवढ्यात तू मोटेवरून आलास.

"कोन हाय तिथं? बाळंतीन तं आत निजली."

मायनं माझं नाव सांगितलं. तू आडोशाबाहेरच उभा राहिलास, आवाज मात्र साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढा चढवलास. "तुले काय झालं बाळंतिनीवानी न्हायले? कूस उजवली काय तुही?" मग मायला म्हणालास, "उचल तो हंडा. बैलाच्या आंबोनाले ने."

आणि तिनं नेला. बैलाची पेंड माझ्या पाण्यात भिजली. केसांतली शिकेकाई मी विहिरीच्या गार पाण्यानं काढली, आणि आतून बहिणीचं तान्हं रडत होतं ते ऐकत राहिले.

तू वाईट बाप होतास असं मी म्हणत नाही. मळ्यातल्या कोणत्याच पोरीला शाळा माहीत नव्हती तेव्हा चौथीपर्यंत तूच मला घातलंस, म्हणून आज हे लिहू शकते. माझ्या सासरी पहिल्यांदा आलास तेव्हा मालेगावच्या बाजारातून टाचा घासायला तांब्याची वजरी आणली होतीस. "भेगाईत माती जाते तुह्या," एवढंच बोललास. तुला माझ्या टाचा दिसल्या होत्या. म्हणूनच त्या दिवशीचा राग माझ्यानं गिळवत नाही. माय गेली तेव्हा बायकांनी तिला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, तेल लावलं, कोणी घाई केली नाही. ते तिचं आठवं न्हाणं. माझं पहिलं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

पण बांधायला घेतली तेव्हा खरं सांगायला जीभ रेटेना. गवंड्याला, शेजारणींना, भावाला, सगळ्यांना सांगितलं की आसेगावची माझ्या नणंदेची लेक बाळंतपणाला येणार आहे, तिला आई नाही. त्या पोरीला अजून दिवससुद्धा गेले नव्हते! पण काय जादू झाली म्हणून सांगू. शेजाऱ्यानं दगड वाहायला गाडी दिली, भावानं पितळेचं मोठं घंगाळ धाडलं, गवंडी म्हशींचं नाव घेईना. माझ्या पाठीसाठी ज्यांनी एक वीट दिली नसती ते न जन्मलेल्या लेकरासाठी पळापळ करत होते.

न्हाणी झाली, आणि मागच्या आठवड्यात भाऊ डिंकाचे लाडू घेऊन दारात उभा. "कुठी हाय पोरगी?"

मी म्हटलं, "कोनी येऊन नाई राह्यलं. माह्यासाठी बांधली."

त्यानं लाडवांचा डबा खाली ठेवला. न्हाणीच्या उघड्या दारातून घंगाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुह्यासाठी? बाई, तू काय बाळंतीन हाय?"

तुझाच मुलगा तो, वेगळे शब्द कुठून आणणार? तीस वर्षांपूर्वी मी आडोशामागे गप्प बसले होते. या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाई. मी कोनाची बाळंतीन नाई आन् होनारबी नाई. माही पाठ दुखते, मले न्हायचं हाय. तुले बसायचं तं बस, लाडू खाय." आणि आत गेले आणि कडी लावली. तो बराच वेळ अंगणात येरझारा घालत होता, मग निघून गेला. लाडू विसरला. ते मी खाल्ले, बाळंत न होता, सगळे.

आता त्याचा राग उतरेल तेव्हा उतरेल. न्हाणी मोडणार नाही, आणि कोणासाठी म्हणून कोणी विचारलं तर "माझ्यासाठी" हेच उत्तर मिळेल. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पेटीत लुगड्यांखाली ठेवायचं आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, ती भावाला कधी सांगणार नाही. तो लाडू घेऊन आला त्या दिवशी मी न्हालेच नाही. बंब पेटवलेला नव्हता, आत थेंबभर पाणी नव्हतं. ओट्यावर कोरडीच बसले होते, आणि अंगणात त्याला ऐकू जावं म्हणून रिकाम्या घंगाळात तांब्या आपटत होते.