लाल रेघ नसलेला फोटो

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
९ फेब्रुवारी १९९४

तीर्थस्वरूप दादास,
विलासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

डावा डोळा उत्तम आहे. तुझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ त्याच्याच चौकशीची असते, म्हणून मीही उत्तर पहिल्याच ओळीत देऊन टाकतो. वहिनींच्या गुळाच्या पोळ्या मिळाल्या. साताऱ्याहून इथवर येईपर्यंत त्यांचा चुरा झाला होता, पण आमच्या नीलाने तो चमच्याने खाऊन डबा चाटूनपुसून ठेवला. ती आता अकरावीत आहे, पण खाण्याच्या बाबतीत अजून पहिलीतच. थंडी ओसरत आलीय, सकाळचं धुकं मात्र हटत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे?

पोळ्यांबरोबरच्या पाकिटात माझा फोटो परत आला. मी तो चार वेळा उलटसुलट करून पाहिला. पंधरा वर्षं मी तुला माझ्या रेल्वेच्या देखाव्यांचे फोटो पाठवतोय, आणि पंधरा वर्षं तू ते लाल पेन्सिलीच्या रेघा मारून परत धाडतोयस. रूळ, फलाटाची कड, तारांच्या खांबांची टोकं, सगळ्यांवर पट्टी ठेवून रेघ लांबवायची आणि त्या एका बिंदूत मिळत नाहीत हे मला दाखवून द्यायचं. शाळेतल्या चित्रकलेच्या मुलांना तरी तू दयामाया दाखवत असशील. 'तुझी गाडी एकाच वेळी तीन गावांना निघाली आहे,' हा तुझा मागच्या वेळचा शेरा लतिकाने कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलाय.

या वेळी एकही रेघ नाही. मागच्या बाजूला एवढंच: 'सगळं एका बिंदूत मिळतं. कसं केलंस?'

सांगतो. बाल्कनी बंद करून घेतलीय, तिथल्या टेबलावर हा देखावा आहे. सरोजिनी नगरचं रेल्वे स्टेशन, जानेवारीतली सकाळ. टेबलाची खोली जेमतेम अडीच फूट, आणि त्यात मैलभर लांबी दाखवायची. पुढचं इंजिन वीतभर, मधलं बोटाएवढं, आणि पुलावरचं शेवटचं अर्ध्या काडीएवढं. रूळ पुढे चार बोटं रुंद, मागे दोन दोरे शेजारी ठेवावेत इतके जवळ. खांब मागे जातील तसे बुटके आणि एकमेकांना खेटून. मागच्या झाडांच्या हिरव्यात पांढरा आणि थेंबभर निळा मिसळला, म्हणजे ती लांबची वाटतात. धुकं म्हणजे लतिकाच्या जुन्या ओढणीचे दोन पडदे. कॅमेरा थेट टेबलावर ठेवला, भिंग फलाटावरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. त्याचं छिद्र बारीकात बारीक केलं आणि आठ सेकंद उघडं ठेवलं, तेव्हा पुढचं मागचं सगळं रेखीव आलं. नीला म्हणाली, "बाबा, ये तो बिल्कुल असली है यार." तिला मराठीत बोल म्हटलं, तर म्हणाली, "असली म्हणजे... असलीच की."

पण हे सगळं मी पूर्वीही करत होतो. मग आताच कसं जमलं, हा तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर लिहायला मी तीन आठवडे घेतले.

आधी एक फजिती ऐक. दिवाळीनंतर, फोटो काढून झाल्यावर, एकदा मी पुढच्या फलाटावर आणखी एक बाकडं चिकटवत होतो. पूल मैलभर दूर दिसत होता, म्हणून मी निर्धास्त हात पुढे नेला, आणि पुलाचे दोन खांब माझ्या बोटांनी आडवे झाले. पूल दीड फुटावर होता, मीच तर बसवला होता. लतिका चहा घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, "दादांना कळवा. नाहीतर मी लिहिते."

तर कळवतो. उजव्या डोळ्याने मला दिसत नाही. सव्वा वर्ष झालं. ब्लडप्रेशरमुळे डोळ्याच्या मागची शीर बंद झाली, एका सकाळी ऑफिसात फाईल वाचताना अर्धं पान गेलं, आणि आठवड्याभरात सगळंच. उपचार झाले, उपयोग झाला नाही. तू नेहमी डाव्याचीच चौकशी केलीस आणि डावा ठीक होता, त्यामुळे मला एकही ओळ खोटी लिहावी लागली नाही. लपवलं मात्र पुरेपूर. सुरुवातीला कपाबाहेर चहा ओतायचो. रिंग रोड ओलांडताना बस किती जवळ आली ते कळायचं नाही, अजूनही नीला माझी बाही धरते.

आणि त्या डोळ्यामुळेच तुझ्या लाल रेघा थांबल्या, दादा. दोन्ही डोळ्यांना प्लायवूड प्लायवूडच दिसतं. पूल दीड फुटावर आहे हे ते विसरू देत नाहीत. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, म्हणून तो फसतो. मी पंधरा वर्षं दोन डोळ्यांनी मांडत होतो आणि एका डोळ्याकडून फोटो काढून घेत होतो. आता मला दिसतं तेच त्याला दिसतं. खांब कुठे बसला की लांबचा वाटतो, हे मोजावं लागत नाही. मला तो लांबचाच दिसतो.

इथवर पत्र पंधरा दिवसांपूर्वीच लिहून झालं होतं, आज ते नव्याने उतरवून काढलंय. तेव्हा पाठवलं नाही, कारण डावाही बिघडला. लाल झाला, पाणी यायला लागलं, संध्याकाळपर्यंत सगळं धुरकट. आरशात पाहिलं की तो पांढरा ठिपका, लहानपणी लागलेल्या तुझ्या विटीचा, मोठा झाल्यासारखा वाटायचा. मी फार घाबरलो होतो. आंधळं होण्याला तर घाबरलोच, पण हा डोळा त्या ठिपक्यापायी गेला असता तर तू उरलेलं आयुष्य कसं काढलं असतंस, याची भीती जास्त होती. कारण मला एक गोष्ट ठाऊक आहे जी तुला ठाऊक नाही.

काल डॉक्टरांनी तासभर तपासलं. मी विटीची सगळी हकीकत सांगितली. नीला सोबत होती, तिने हळूच विचारलं, "विटी म्हणजे गुल्ली ना?" डॉक्टर हसून म्हणाले, "ये पुराना दाग तो कब का सो रहा है, इसे आप क्यों जगा रहे हैं? आप घर में काम क्या करते हैं?" मी रंग आणि थिनर सांगितलं. थंडी म्हणून बाल्कनीच्या काचा बंद, आणि मी थिनरच्या वाफेत नाक खुपसून रोज तीन तास. "खिड़की खोलिए, जनाब." एवढंच औषध, आणि थेंबांची एक बाटली. डोळा धडधाकट आहे. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि रडलो. नीला म्हणत राहिली, "चलो ना बाबा, सगळं ठीक आहे ना."

घरी आल्यावर काचा उघडल्या आणि लतिकाला ती गोष्ट सांगितली. आता तुला सांगतो.

छप्पन साल, इथल्या दिल्लीतल्याच आपल्या विनय नगरच्या क्वार्टरमागचं मैदान. तू पंधराचा, मी दहाचा. राज्य माझ्यावर होतं आणि तू काही केल्या बाद होत नव्हतास. तू टोला मारलास आणि ओरडलास, "विलास, बाजूला हो." मी ते ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. पण झेल मिळाला तर तू बाद होणार होतास, म्हणून मी बाजूला न होता पुढे धावलो. आईने विचारलं, दादाने हाक मारली नाही का? मी म्हणालो, मला नाही ऐकू आली. मला तुझ्याकडून हरल्याचा राग होता, आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या पोराला कोण खोटं ठरवणार?

नाना महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. तू लाकडी डब्यांची आणि रुळांची ती पेटी माझ्या उशाशी आणून ठेवलीस आणि पुन्हा आगगाडीला हात लावला नाहीस. आपल्या दोघांत हात तुझा चांगला होता. अडतीस वर्षं तू समजत राहिलास की हाक मारायला तुला उशीर झाला. माझ्याशी बोलताना तू माझ्या उजव्या कानाकडे बघतोस, दिल्लीचं नाव निघालं की तुला शाळेची कामं आठवतात. लतिका ऐकून म्हणाली, "म्हणून दादा इकडे येत नाहीत." मी हे केव्हाच सांगू शकलो असतो. लाज वाटायची, आणि जितकी वर्षं गेली तितकी जास्त वाटायची. मला क्षमा कर.

मे महिन्याच्या सुट्टीत ये. वहिनींनाही आण. देखाव्यासमोर मी पुठ्ठा लावून त्याला रुपयाएवढं भोक पाडलंय. बघणाऱ्याला एक डोळा मिटावा लागतो, मला ती गरज नाही. पुलाचे दोन खांब अजून उभे करायचे आहेत. ते तू कर, लाल पेन्सिलही आण. आणि बोलताना माझ्या डाव्या डोळ्यात बघ. तू ज्याला अडतीस वर्षं जपतोयस, तोच आज माझं सगळं काम करतो. हे पत्रही त्यानेच लिहिलंय.

वहिनींना नमस्कार.

त्या दिवशी तुझी हाक वेळेवर ऐकलेला,
तुझा
विलास