पिवळ्या दोऱ्याचं गाठोडं

१ सप्टेंबर, मंगळवार

लाल दोरा कसा आहे? बरा आहे. या खेपेला दोनच चादरी, आणि उशीच्या अभ्र्यावर चहाचा डाग! म्हणजे माणूस उठून बसायला लागलाय. हिरवा? हिरव्याचं काही खरं नाही, रोजच्या रोज गाठोडं येतंय. जांभळ्याचं औषध बदललेलं दिसतं, डागाचा रंग वेगळा आहे. काळ्याकडून पंधरा दिवस काहीच नाही. गाठोडं यायचं थांबलं की त्याचे दोनच अर्थ होतात — माणूस बरा झाला, किंवा गेला. मी आपला नेहमी पहिला अर्थ लावते.

आणि पिवळा? पिवळा आहे तसाच. तीन चादरी, एक दुलई. एका चादरीला कोपऱ्यात परत बोटभर चीर. त्या पलंगाला कुठेतरी खिळा वर आलाय नक्की. पण सांगणार कसं? नियम म्हणजे नियम.

नियम माझेच आहेत. नाव विचारायचं नाही. चिठ्ठी पाठवायची नाही. तोंड बघायचं नाही. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या घरच्यांना त्या चादरी दुसऱ्यापुढे टाकायची किती लाज वाटते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आमच्या धुण्याच्या खोलीला मागच्या बाजूला खिडकी, खिडकीला पडदा, पडद्याखाली फळी. सकाळी पाच ते सात गाठोडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायचं. नर्सबाई घरोघर फिरते, तिला गरज दिसली की ती त्या घराला दोऱ्याचं एक रीळ देते. तो दोरा गाठोड्याला बांधला की झालं. कोण कुठला, ते तिच्या पोटात. आम्हाला फक्त रंग.

सध्या एकोणीस रंग आहेत. हवा दमट, काही म्हणता काही वाळत नाही. आमचा पैलवान पिळून पिळून थकला.

३ सप्टेंबर, गुरुवार

नर्सबाई नाचतच आली. "मावशी, विभागीय पुरस्कार आहे, लोकांसाठी धडपडणाऱ्या संस्थांना! मी तुमचं नाव घातलंय!"

"मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं."

बक्षीस काय, तर कपडे वाळवायचं यंत्र. मोठं, दवाखान्यात असतं तसं. पैलवानाने हातातली चादर तशीच टबात सोडली. म्हणाला, "मावशी, वाकून वाकून माझी पाठ आता प्रश्नचिन्ह झालीय. नाही म्हणू नका." हा माणूस तीस वर्षं मालाची पोती उचलायचा, कधी हुं की चूं केलं नाही. आज म्हणाला.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

६ सप्टेंबर, रविवार

अर्ज भरला. म्हणजे आमच्यातल्या मास्तरांनी भरला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला कागद लागला नव्हता, आज चष्मा पुसून पुसून बसले.

"संस्थेचा प्रकार?"

"धुणं."

"धुणं हा प्रकार नाही मावशी. सेवा लिहितो. स्थापनेचा उद्देश?"

"धुणं!"

"तुम्ही जरा गप्प बसा."

बारा पानांचा अर्ज. नाकापेक्षा मोती जड! नवव्या पानावर अडलं — तीन लाभार्थींची नावं, पत्ते आणि मनोगत. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तिथे लिहा, आम्हाला माहीत नाही. ते म्हणाले, "असं लिहिलं तर अर्ज केराच्या टोपलीत जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, झाकली मूठ आहे लोकांची, ती यंत्रासाठी उघडायची नाही. पैलवान तिथेच होता. त्याने होकाराची मान हलवली. केवढं मन आहे त्याचं!

दहाव्या पानावर संस्थापकाचा फोटो. तिथे मात्र मी एकटीच अडले. मास्तर चिडले. "नावं नकोत, पटलं. पण तुमचा फोटो? तुम्ही काय चोरी केलीय?"

फोटो नको म्हटलं की नको. त्यांनी चौकटीत धुण्याच्या दगडाचा फोटो चिकटवला. खाली लिहिलं — संस्थापक कामात आहेत.

८ सप्टेंबर, मंगळवार

या वहीशी तरी कशाला ताकाला जाऊन भांडं लपवू?

पिवळा दोरा म्हणजे माझी धाकटी बहीण.

दोन वर्षांपूर्वी पहिलं गाठोडं सोडलं आणि दुलईची किनार हातात आली. टाके उलट्या बाजूला झुकलेले. धाकटी डावरी. आईने आम्हा दोघींना एकाच चटईवर बसवून शिवण शिकवली, हिचा टाका कायम आरशातल्यासारखा. मी ती किनार हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आल्याचं कानावर होतं. पण नदीपलीकडून इतक्या लांब, आमच्याच खिडकीशी गाठोडं घेऊन येत असेल हे मनातही नव्हतं.

आम्ही अकरा वर्षं बोललो नाही. दोष माझा. आईच्या शेवटच्या आजारात धाकटी आली ती दोन दिवस राहिली आणि गेली. आई गेल्यावर भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हटलं, "हिला आईचा वास सहन झाला नाही." तिने चपला घातल्या, निघाली. तिच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, ते मला फार उशिरा कळलं. जीभ घसरते ती एका क्षणात, निस्तरायला जन्म पुरत नाही. ही धुण्याची खोली मी त्याच्या पुढच्याच वर्षी काढली. का, ते अर्जात लिहिता आलं नाही.

आता ती येते, पडद्यापलीकडे गाठोडं ठेवते, जाते. पाऊल ओळखते मी. डावा पाय किंचित ओढते. आत कोण आहे हे तिला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर? मी सोडून जगातल्या कुणाहीकडून ती चादर धुवून घेईल. माझ्याकडून नाही. पुन्हा बाथरूममध्ये वाकून एकटी धूत बसेल, या वयात.

म्हणून फोटो नको.

आजच्या चादरीला परत चीर. सरळ, जशी काय रेघ ओढलीय. रफू केलं. रफूला गाठ मारायची नसते, पडून असलेल्या माणसाच्या पाठीला टोचते. शेवटचा टाका मागे घेऊन आत लपवायचा. आईची शिकवण.

९ सप्टेंबर, बुधवार

पिवळं गाठोडं गेलं. पडद्याशी ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली. दम लागला असेल.

१७ सप्टेंबर, गुरुवार

परीक्षक आले! म्हणजे अर्ज टोपलीत गेला नव्हता. एक उंच साहेब आणि एक चष्मेवाल्या बाई. मास्तरांनी कोट घातला होता, तोही बहुधा लग्नातला. बटण लागत नव्हतं म्हणून तासभर पोट आत ओढून उभे होते.

साहेब म्हणाले, "नावं नाहीत, मनोगत नाहीत. ही माणसं खरोखर आहेत, याचा पुरावा काय?"

पैलवानाने न धुतलेलं एक गाठोडं उचलून त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, वास घ्या."

साहेब दोन पावलं मागे! मला हसू आवरेना. बाई मात्र पुढे आल्या. दोरीवरच्या चादरी बघत बघत पिवळ्याच्या, दमट हवेमुळे अजून न वाळलेल्या चादरीपाशी थांबल्या, रफूवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"गाठ लागत नाही कुठे."

"लागायला नको. त्यांना कुशीवर वळता येत नाही."

मग त्यांनी विचारलं, बाकीचे कसे आहेत? मी सांगत गेले — लाल सुधारतोय, हिरव्याला रात्री ताप येत असणार, घामाचा डाग मानेखाली असतो, जांभळ्याकडे कुणीतरी आता मऊ साबण वापरतंय. एकोणीसच्या एकोणीस सांगितले. बाई ऐकत राहिल्या. साहेबांनी लिहिणं थांबवलं होतं.

जाताना बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या वेळी अशी खिडकी असती तर!"

२९ सप्टेंबर, मंगळवार

पत्र आलं. मिळाला! मास्तरांनी तीनदा मोठ्याने वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा काढून पुसला. पैलवान यंत्र ठेवायची जागा मोजायला लागला.

पत्राच्या शेवटी — समारंभाला संस्थापकांनी स्वतः उपस्थित राहावे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार असतील.

पिवळ्याची चादर. चीर. आता तर मला त्या खिळ्याचा रागच येतो. एकदा हातोडी घेऊन जावं आणि ठोकून यावं!

१० ऑक्टोबर, शनिवार

माझा बेत पक्का होता. पैलवान आडवा-उभा सारखाच, त्याच्यामागे उभं राहायचं. सूर्यसुद्धा दिसत नाही तिथून.

मोठं सभागृह, मऊ खुर्च्या. बाकीच्या संस्था केवढ्या नीटनेटक्या! कुणी अंधांना वाचून दाखवतात, कुणी जुन्या सायकली दुरुस्त करून शाळेतल्या पोरींना देतात. सायकलवाल्या बाईंच्या नखांत अजून काळं तेल होतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी माझा. सोडा-साबणाने फाटलेला तो! दोघी हसलो.

आमचं नाव पुकारलं. मास्तर पुढे, मग पैलवान, मागे मी. सन्मानचिन्ह पितळेचं, वरवंट्याएवढं जड. छायाचित्रकार म्हणाला, "जरा इकडे बघा." मी पैलवानाच्या पाठीआड. तेवढ्यात तो पठ्ठ्या बाजूला झाला, मला खांद्याला धरून पुढे काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशीचा काढा! हे सगळं यांचं आहे."

लखकन उजेड.

काय बोलणार? प्रेमाने केलं त्याने. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१२ ऑक्टोबर, सोमवार

पेपरात आलाय. पान तीन. चेहरा स्वच्छ, ओळखू येईल असा.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

पिवळा आला नाही.

पाचलाच येऊन बसले होते. प्रत्येक पावलाला कान टवकारले. सातला खिडकी लावून घेतली. मग परत उघडली, साडेसातपर्यंत तशीच ठेवली. नियम मोडला. मोडला तर मोडला.

२० ऑक्टोबर, मंगळवार

नाही.

नर्सबाईला विचारलं, "पिवळा—" तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली. "मावशी, तुमचाच नियम आहे ना." बरोबर आहे. माझाच आहे.

गाठोडं यायचं थांबलं की दोन अर्थ, असं मी लिहिलं होतं. तिसरा आहे. पेपरातला फोटो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

यंत्र आलं. चार माणसांनी आत घेतलं. पैलवानाने पहिली चादर घातली, पाऊण तासात बाहेर काढली आणि गरम-गरम तशीच माझ्या खांद्यावर टाकली. "बघा मावशी, ऊन!"

खरंच उन्हासारखी होती. हिरव्याला आज रात्री कोरडं मिळेल. हे काही थोडं नाही, असं स्वतःला सांगते. त्या कोरड्या चादरीत तोंड घालून थोडी रडले. पैलवानाला वाटलं आनंदाने. तोही रडला. मास्तरांनी दोघांना वेड्यात काढलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

पितळेचं सन्मानचिन्ह घडी केलेल्या चादरींवर वजन म्हणून ठेवलंय. छान बसतात घड्या.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

सहाला पाऊल वाजलं. डावा पाय किंचित ओढत. पडदा हातात धरून बसून राहिले, ती जाईपर्यंत.

पिवळा दोरा. आत एकच चादर. धुतलेली, घडी केलेली, कोपऱ्यात बोटभर चीर. घडीत चिठ्ठी. ती इथे उतरवून ठेवते.

"ताई, बारा तारखेला हे गेले. शेवटपर्यंत पाठीला एक जखम नव्हती, डॉक्टरांनीच म्हटलं. फोटो नंतर पाहिला, जाडी झालीस. मला तो बघायची गरज नव्हती. पहिल्याच रफूला ओळखलं होतं, शेवटचा टाका आईसारखा मागे घेतेस. त्यानंतर चादरी आपणहून फाटत नव्हत्या ग. मीच कात्री लावायचे. तेवढंच तुझं काहीतरी परत यायचं. आता चादर पाठवायला निमित्त उरलं नाही. म्हणून ही शेवटची. यापुढे कागदावर लिही. लवकर लिही."